पाटीवरचे नाव, पेढीवरचा माणूस

लंडनच्या एका कलादालनात मध्यरात्री चोर शिरतात. आत दोघे जण त्यांची वाटच पाहत असतात. चोर पकडले जातात, पोलीस धावत येतात, पाठोपाठ वार्ताहरांचा घोळका येतो. सर्वांच्या पुढे उभा असतो तो उंच, देखणा, रुबाबदार पुरुष. कानपट्ट्यांची टोपी, भारदस्त आवाज, हनुवटी किंचित वर. जगातील सर्वांत बुद्धिमान गुप्तहेर शेरलॉक होम्स! आपण चोरांचा माग कसा काढला हे तो खुलवून सांगतो, वार्ताहर भराभर लिहून घेतात. त्याच्या मागे एक पाऊल अंतर राखून डॉक्टर वॉटसन उभे असतात. त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मग घोडागाडी बेकर स्ट्रीटवरील घरी येते, दार बंद होते, आणि इतका वेळ मुकाट असलेले वॉटसन त्या जगद्विख्यात गुप्तहेरावर असे तुटून पडतात, की मालकाने उधळ्या नोकराला फैलावर घ्यावे. सांगितले तेवढेच बोलायचे सोडून पदरचे का बोललास?

१९८८ साली प्रदर्शित झालेल्या ‘विदाउट अ क्लू’ या इंग्रजी चित्रपटाची ही सुरुवात आहे. शीर्षकाचा एक अर्थ ‘माग लागत नाही’ असा, तर बोलीभाषेतील अर्थ ‘काडीचेही कळत नाही’ असा. इथे दोन्ही लागू पडतात. थॉम एबरहार्ट यांनी दिग्दर्शित केलेल्या, पावणेदोन तासांच्या या विनोदी चित्रपटाची कल्पना एका वाक्यात सांगता येते. गुन्ह्यांची उकल करणारी खरी बुद्धी वॉटसनची आहे, आणि शेरलॉक होम्स हा त्यांनी पगारावर ठेवलेला, मद्याची चटक लागलेला, काम न मिळालेला एक नट आहे.

असे का व्हावे, याचेही कारण चित्रपट देतो, आणि ते व्यवहारी माणसाला लगेच पटावे असे आहे. तरुण वॉटसनना एका प्रतिष्ठित वैद्यकीय संस्थेत नेमणूक हवी होती. डॉक्टर रात्री-अपरात्री चोर-खुन्यांच्या मागे फिरतो, असा बोभाटा झाला असता तर ती नेमणूक हुकली असती. म्हणून त्यांनी उकललेल्या प्रकरणांचे श्रेय एका काल्पनिक इसमाला दिले आणि त्या कथा मासिकातून छापून आणल्या. नाव कागदावर होते तोवर सारे ठीक होते. पण लोकप्रियता इतकी वाढली, की लोक म्हणू लागले, होम्स दाखवा. आता कागदावरचा माणूस कोठून दाखवायचा? वॉटसननी रेजिनाल्ड किनकेड नावाचा नट गाठला, त्याला पोशाख दिला, वाक्ये पाठ करून घेतली आणि लोकांसमोर उभे केले.

दुकानाच्या पाटीवर एकाचे नाव आणि आत हिशेब सांभाळणारा दुसराच, हे दृश्य बाजारपेठेत वावरणाऱ्या कुटुंबांना अनोळखी नाही. ‘अमुक आणि कंपनी’ मधील ‘अमुक’ कित्येकदा भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीत असतात, आणि ‘आणि कंपनी’ पहाटेपासून माल उतरवून घेत असते. फरक इतकाच की इथे ‘अमुक’ जिवंत आहे, खर्चिक आहे, आणि आपण खरोखरच मालक आहोत असे त्याला अधूनमधून वाटू लागते.

मायकेल केन यांनी हा किनकेड रंगवला आहे. त्याला कळत काही नाही, पण कळल्याचा आव तो उत्तम आणतो, कारण आव आणणे हाच त्याचा पेशा आहे. एका प्रसंगी प्रेताची तपासणी करायची वेळ येते. सारे श्वास रोखून उभे आहेत. तो वाकतो, निरखतो, काठीने हळूच टोचून पाहतो, आणि गंभीर स्वरात आपले मत जाहीर करतो की हा मनुष्य मृत आहे! हसू केवळ त्या वाक्याचे येत नाही. भोवतालची माणसे ते निदानही आदराने ऐकून घेतात, याचे येते. नामांकित माणसाने सांगितले म्हणजे त्यात काहीतरी खोल अर्थ असणारच. अशा सभा कोणी पाहिल्या नाहीत?

वॉटसनच्या भूमिकेत बेन किंग्जली आहेत. भारतीय प्रेक्षकांना हे नाव वेगळे सांगायला नको. रिचर्ड ॲटनबरो यांच्या १९८२ सालच्या ‘गांधी’ चित्रपटात त्यांनी महात्माजी साकारले आणि त्यासाठी ऑस्कर मिळवले. त्यानंतर सहाच वर्षांनी तेच नट संतापाने लालबुंद होणाऱ्या, दाराआड चरफडणाऱ्या, आणि दार उघडताच पुन्हा नम्र सहाय्यकाचा चेहरा धारण करणाऱ्या वॉटसनच्या वेशात दिसतात. विनोदी भूमिका गंभीरपणे करावी, हा नियम त्यांनी इतक्या कसोशीने पाळला आहे की चित्रपटभर ते एकदाही ‘विनोद करताना’ दिसत नाहीत. त्यांचे दुःख खरे वाटते, आणि म्हणूनच हसू येते.

ते दुःख काय आहे, हे चित्रपट लवकरच उघड करतो. किनकेडच्या आचरटपणाला कंटाळून वॉटसन त्याला हाकलून देतात. आता आपणच पुढे यायचे, असा त्यांचा निश्चय असतो. नवे नावही तयार असते, ‘क्राइम डॉक्टर’. माल तोच, कारागीर तोच, अनुभव तोच. बदलली आहे ती फक्त पाटी. आणि गिऱ्हाईक फिरकत नाही! गुन्ह्याच्या जागी गेल्यावर लोक विचारतात, होम्स कुठे आहेत? कथा छापणारा संपादक नव्या नायकाकडे ढुंकून पाहायला तयार नाही. ज्याने नाव घडवले त्यालाच त्या नावाच्या दारात अनोळखी म्हणून उभे राहावे लागते. या भागात चित्रपट थोडा वेळ हसणे थांबवतो, आणि ते योग्यच करतो.

अशातच सरकारचे मोठे अधिकारी बेकर स्ट्रीटवर येतात. बँक ऑफ इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटा छापण्याचे ठसे चोरीला गेले आहेत, आणि छपाईची जबाबदारी असलेला गृहस्थ बेपत्ता आहे. साम्राज्याची पत धोक्यात आहे. शोध घ्यायचा तर होम्सनेच, अन्य कोणी चालणार नाही. वॉटसनना अपमान गिळून मद्यालयातून किनकेडला परत आणावे लागते. हे एकच प्रकरण, शेवटचे, अशी बोली होते.

इथे नोटेबद्दल थोडे सांगायला हवे, कारण चित्रपट ते गृहीत धरून पुढे जातो. त्या काळची पाच पौंडांची नोट आजच्या नोटांसारखी रंगीबेरंगी नव्हती. मोठा पांढरा कागद, त्यावर काळ्या शाईतील सुबक अक्षरे, आणि छपाई फक्त एका बाजूला. मागची बाजू कोरी. सामान्य मजुराच्या काही आठवड्यांच्या कमाईइतकी तिची किंमत होती. त्यामुळे ती हाती आली की दुकानदार सावध होत, आणि देणाऱ्याला मागच्या कोऱ्या बाजूवर आपले नाव लिहायला सांगत. म्हणजे नोटेमागे बँकेची पत होतीच, शिवाय ती चालवणाऱ्या गिऱ्हाइकाचीही सही होती. हुंडीच्या व्यवहारात वाढलेल्या घराण्यांना यातील गोडी लगेच कळेल. ही पांढरी नोट १९५७ सालापर्यंत निघत राहिली. तिच्या बनावट नोटा काढून इंग्लंडला बुडवण्याची कल्पना निव्वळ पटकथेतील आहे असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने छळछावणीतील कैद्यांकडून ब्रिटिश नोटांच्या नकला खरोखरच मोठ्या प्रमाणावर छापून घेतल्या. त्या इतक्या हुबेहूब होत्या, की १९४३ साली बँक ऑफ इंग्लंडला पाच पौंडांवरील नोटा काढणे बंद करावे लागले.

तेव्हा या चित्रपटात दोन बनावट गोष्टी समोरासमोर उभ्या आहेत, एक बनावट नोट आणि एक बनावट गुप्तहेर. खोट्या नोटांचा शोध घ्यायला खोटा होम्स निघाला आहे, आणि दोन्ही चालतात ते केवळ लोकांचा त्यांवर विश्वास आहे म्हणून. पटकथेने ही गंमत कोठेही बोलून दाखवलेली नाही. ती प्रेक्षकावर सोडली आहे, हे लेखकांचे शहाणपण.

या कटामागे आहे प्राध्यापक मोरियार्टी, होम्सकथांतील तो प्रसिद्ध खलपुरुष. त्याचे नाव ऐकताच किनकेडची गाळण उडते. मोरियार्टी आपल्या जिवावर उठणार, या धास्तीने तो पळून जाण्याच्या बेतात असतो. वॉटसन त्याला धीर देतात: काळजीचे कारण नाही, तू मूर्ख आहेस आणि खरा शत्रू मी आहे, हे मोरियार्टीला पक्के ठाऊक आहे. दुसरा कोणी असता तर अपमानाने पेटून उठला असता. किनकेड मात्र सुटकेचा निःश्वास टाकतो. आणि वॉटसनच्या बाजूने पाहिले तर हा विनोद अधिकच बोचरा आहे. साऱ्या इंग्लंडात त्यांची खरी योग्यता ओळखणारा, गुपितात सहभागी असलेल्या मोजक्या माणसांखेरीज, एकच मनुष्य आहे, आणि तो त्यांचा वैरी आहे.

पुढे गोदीत झालेल्या चकमकीत वॉटसन नदीत पडून नाहीसे होतात. ते गेले, असेच सर्वांना वाटते. आता पाटी उरली, पण पेढी नाही. किनकेड प्रथम दारूत बुडतो, आणि मग प्रथमच स्वतःच्या डोक्याने काही करायला उठतो. त्याला रसायनशास्त्र येत नाही, पायांचे ठसे वाचता येत नाहीत. पण रंगभूमी येते. शोधाचा जो धागा अखेरीस त्याच्या हाती लागतो तो त्याच्या जुन्या नाटकातील दिवसांशी जोडलेला आहे, आणि कथेचा शेवटही एका ओस पडलेल्या नाट्यगृहात होतो. तिथे तलवारी खणाणतात तेव्हा रंगमंचावर शिकलेली खोटी तलवारबाजी खऱ्या तलवारीपुढे उपयोगी पडते. यापुढचे सांगून पाहणाऱ्याचा रस घालवणे बरे नव्हे.

हा चित्रपट होम्सची टिंगल करतो काय? वरवर पाहता करतो. पण मूळ कथा प्रेमाने वाचल्याशिवाय अशी थट्टा साधत नाही. यातील प्रत्येक विनोद मूळ सामग्रीला उलटे धरून घडवलेला आहे. घरमालकीण मिसेस हडसन, रस्त्यावरची चुणचुणीत पोरे, श्रेयासाठी हपापलेला इन्स्पेक्टर लेस्ट्रेड, सारे आपापल्या जागी आहेत. शिवाय वॉटसनवर झालेल्या एका जुन्या अन्यायाची फेडही इथे होते. १९३९ ते १९४६ या काळात बॅसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस या जोडीने होम्स-वॉटसनचे चौदा चित्रपट केले. त्यांत ब्रूस यांचा वॉटसन भोळसट, गोंधळलेला असा दाखवला गेला, आणि तीच प्रतिमा जगाच्या मनात घट्ट बसली. मूळ कथांतील वॉटसन मुळीच तसे नाहीत. ते डॉक्टर आहेत, सैन्यात गेलेले आहेत. पहिल्याच कादंबरीत ते पलटणीत रुजू होण्यासाठी बोटीने निघतात आणि उतरतात ते आपल्या मुंबईच्या बंदरात. तिथून पुढे अफगाणिस्तानातील मैवंदच्या लढाईत जखमी होऊन इंग्लंडला परततात. आणि मुख्य म्हणजे ते लेखक आहेत. त्यांनी लिहिले नसते तर होम्स कोणाला कळला असता? ‘विदाउट अ क्लू’ याच प्रश्नाचे बोट धरून चार पावले पुढे जातो.

होम्सची थट्टा तशी त्याच्या चित्रपटांइतकीच जुनी आहे. पडद्यावर आलेला पहिला होम्स १९०० सालचा. जेमतेम अर्ध्या मिनिटाच्या त्या मूकपटात चोर डोळ्यांदेखत नाहीसा होतो, पुन्हा प्रकटतो, पुन्हा नाहीसा होतो, आणि थोर गुप्तहेर बावचळून पाहत राहतो. म्हणजे पडद्यावरच्या होम्सचे बारसेच फजितीने झाले. १९७० साली बिली वाइल्डर यांनी होम्सच्या खासगी जीवनावर एक सुंदर, उदास छटेचा विनोदी चित्रपट काढला. १९७८ साली पीटर कुक या विनोदवीराने होम्स साकारला, तो मात्र साफ फसला. गंमत म्हणजे ‘विदाउट अ क्लू’मध्ये हेच पीटर कुक होम्सकथा छापणाऱ्या संपादकाच्या छोट्या भूमिकेत आहेत. होम्स म्हणून जे जमले नाही ते होम्स विकणारा म्हणून झकास जमले आहे.

पण या साऱ्यात ज्यांची आठवण सर्वाधिक होते ते पडद्यावर कुठेच नाहीत. ते म्हणजे होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल. वॉटसनचे दुःख चित्रपटाने कल्पनेने रचले असेल. डॉयल यांनी ते प्रत्यक्ष भोगले. तेही डॉक्टर होते. एडिंबरोला शिकत असताना डॉ. जोसेफ बेल नावाचे शिक्षक त्यांना लाभले. समोर आलेल्या रुग्णाने तोंड उघडण्याआधीच त्याचा धंदा, गाव, सवयी ते नुसत्या निरीक्षणाने सांगत. होम्स घडला तो या नमुन्यावरून. तेव्हा गुप्तहेराच्या मुखवट्याआड डॉक्टर आहे, ही चित्रपटातील कल्पना वाटते तितकी अद्भुत नाही.

होम्सची पहिली कादंबरी १८८७ साली प्रसिद्ध झाली. तिचे सर्व हक्क डॉयल यांनी अवघ्या २५ पौंडांना विकले होते. आज हा सौदा ऐकून कोणताही व्यापारी कपाळाला हात लावील. १८९१ साली त्यांनी लंडनमध्ये नेत्रवैद्य म्हणून दवाखाना थाटला. पुढे त्यांनीच लिहून ठेवल्याप्रमाणे, एकही रुग्ण आत आला नाही. रिकाम्या दवाखान्यात बसून त्यांनी ‘स्ट्रँड’ मासिकासाठी होम्सच्या कथा लिहिल्या आणि त्या विलक्षण गाजल्या. डॉयल यांचा जीव मात्र ऐतिहासिक कादंबऱ्यांत होता. आपले नाव त्यांमुळे राहावे, अशी त्यांची इच्छा. होम्समुळे चांगल्या कामाला वेळ मिळत नाही, या विचाराने त्यांनी त्याला संपवायचे ठरवले. आईने आग्रह करून काही काळ ते लांबवले. अखेर १८९३ साली त्यांनी होम्सला स्वित्झर्लंडमधील धबधब्यात मोरियार्टीसह लोटून दिले. वाचक खवळले. नोकर काढला तर गिऱ्हाइके भांडायला आली, असा प्रकार! आठ वर्षांनी डॉयल यांनी होम्सची एक जुनी हकीकत म्हणून नवी कादंबरी लिहायला घेतली, आणि १९०३ साली त्याला जिवंत करून परत आणले. किनकेडला मद्यालयातून परत आणणारे वॉटसन आणि होम्सला धबधब्यातून परत काढणारे डॉयल यांच्या चेहऱ्यांवरील भाव फारसे वेगळे नसावेत.

डॉयल स्वतः ‘क्राइम डॉक्टर’ झाले, असाही एक खरा प्रसंग आहे, आणि त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. शापुरजी एदलजी हे मूळचे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती धर्म स्वीकारून ते इंग्लंडमधील एका खेड्यात धर्मगुरू म्हणून राहिले. त्यांचे चिरंजीव जॉर्ज वकील झाले. रेल्वेप्रवाशांना कायदा समजावा म्हणून त्यांनी एक छोटे पुस्तकही लिहिले होते. त्या भागात रात्री कोणीतरी जनावरांवर शस्त्राने वार करत असे. १९०३ साली संशय जॉर्ज यांच्यावर घेण्यात आला. त्यापूर्वीच या परक्या रंगाच्या कुटुंबाला निनावी पत्रांनी छळले जात होते. जॉर्ज यांना सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी, १९०६ साली, त्यांची सुटका झाली, पण कलंक तसाच राहिला आणि वकिली बंद पडली.

डॉयल यांनी प्रकरण हाती घेतले. ठरलेल्या हॉटेलात ते पोहोचले तेव्हा जॉर्ज वर्तमानपत्र वाचत बसले होते. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ, तोही तिरपा धरलेला. न चाललेल्या दवाखान्याच्या त्या नेत्रवैद्याने दुरूनच ओळखले की या माणसाची दृष्टी अतिशय क्षीण आहे. काळोख्या रात्री शेते तुडवत, रेल्वेमार्ग ओलांडत जाऊन जनावर गाठणे त्याला कसे शक्य होते? १९०७ साली डॉयल यांनी वर्तमानपत्रातून सविस्तर लेख लिहून सारा पुरावा मांडला. त्याच वर्षी सरकारने जॉर्ज यांना दोषमुक्त केले, जरी भरपाई दिली नाही. त्यांना वकिलीची सनद परत मिळाली. गुन्हेगारी खटल्यांसाठी अपिलाचे न्यायालय इंग्लंडमध्ये त्याच वर्षी स्थापन झाले, त्याला या प्रकरणाचाही हातभार लागला. त्या सप्टेंबरात डॉयल यांचा दुसरा विवाह झाला, आणि पाहुण्यांमध्ये जॉर्ज एदलजी उपस्थित होते.

या कामी होम्स नव्हता. होते ते एक डॉक्टर, त्यांचे डोळ्यांविषयीचे ज्ञान आणि त्यांची चिकाटी. तरीही तेव्हापासून आजतागायत ही हकीकत जो सांगतो तो ‘प्रत्यक्षातला शेरलॉक होम्स’ अशीच सुरुवात करतो. १९३२ साली बेकर स्ट्रीटवर एका वित्तसंस्थेची इमारत उभी राहिली आणि होम्सच्या घराचा क्रमांक तिच्या आवारात आला. तेव्हा होम्सच्या नावाने इतकी पत्रे येऊ लागली की उत्तरे द्यायला त्या संस्थेला खास चिटणीस नेमावा लागला. न जन्मलेल्या माणसाचा टपालखर्च एक संस्था कित्येक वर्षे सोसत होती.

‘विदाउट अ क्लू’ला चित्रपटगृहांत फार मोठे यश मिळाले नाही, आणि त्याचे दोषही डोळ्याआड करण्यासारखे नाहीत. मधला भाग रेंगाळतो. धांदल आणि धडपडीचे काही विनोद ओढून आणलेले आहेत. किनकेडच्या रंगेलपणावरचे एक-दोन चावट शेरे लहान मुलांसोबत पाहताना कानाआड करावे लागतील. पण हेन्री मॅन्सिनी यांचे खट्याळ संगीत, आणि दोन थोर नटांनी एकमेकांना दिलेली साथ यांमुळे आजही तो ताजा वाटतो. मायकेल केन मुळीच भाव न खाता मूर्ख दिसायला तयार आहेत, आणि किंग्जली मुळीच दया न मागता दुर्लक्षित राहायला तयार आहेत. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याच्या हातून टाळी हिसकावली असती तर चित्रपट कोसळला असता.

एक योगायोग मात्र चित्रपटाबाहेरचा आहे. या दोघांचीही नावे पाटीवरचीच आहेत. बेन किंग्जली यांचे जन्मनाव कृष्ण पंडित भानजी. वडील डॉक्टर, मूळ घराणे गुजराती. आजोबा भारतातून झांझिबारला जाऊन मसाल्याच्या व्यापारात पुढे आलेले. लवंगेच्या धंद्यावरून त्यांना जे टोपणनाव पडले होते त्यातूनच ‘किंग्जली’ घडले, असे सांगतात. परके नाव घेऊन इंग्रजी रंगभूमीवर दार उघडणार नाही, या भीतीने तरुण भानजींनी ते बदलले.

मायकेल केन यांचे जन्मनाव मॉरिस मिकलव्हाइट. वडील लंडनच्या मासळीबाजारात हमाल, आई घरकाम करणारी. २००० साली राणीने त्यांना ‘सर’ हा किताब दिला तेव्हा त्यांनी तो वडिलांच्या स्मरणार्थ जन्मनावाने, म्हणजे सर मॉरिस मिकलव्हाइट म्हणून स्वीकारला. पडद्यावर एक नाव, पारपत्रावर दुसरे, असे सारे आयुष्य सुरळीत चालले होते. पुढे विमानतळांवरील तपासणी कडक झाली. अधिकारी त्यांना पाहताच हसून ‘मायकेल केन!’ म्हणत, आणि मग हातातील पारपत्र उघडून त्यावरील भलतेच नाव पाहून थबकत. दरवेळी खुलासा आणि खोळंबा. अखेर २०१६ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांनी कायदेशीररीत्या आपले नाव मायकेल केन असे करून घेतले.